दुसऱ्या वर्षात एमबीबीएसची जागा सोडताना: एका विद्यार्थिनीचं प्रकरण

विद्यार्थिनी, तिचं गाव आणि महाविद्यालय ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कोणता कागद कधी लागला आणि कुठे अडला, तो क्रम मात्र बदललेला नाही. एमबीबीएस सोडणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा निर्णयात होत नाही, तारखांत होते. म्हणून इथे तारखांना जास्त जागा दिली आहे.

पार्श्वभूमी

मुलगी तालुक्याच्या गावातली. बाबा माध्यमिक शाळेत शिक्षक, आई पतपेढीत. दहावीनंतर तिने गणित सोडलं आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन बारावी केली. २०२२ च्या नीटमधून राज्य कोट्यातून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले. वसतिगृह, मेस आणि पुस्तकांसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं. ते चार लाखांच्या आत असल्याने तारण द्यावं लागलं नाही.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तिन्ही विषयांत ती पहिल्याच प्रयत्नात पास झाली. हे महत्त्वाचं आहे. नापास झालेल्या मुलाने कोर्स सोडायचं म्हटलं तर घरचे निदान ऐकून घेतात. पास झालेली मुलगी तेच म्हणाली, तर तो लहरीपणा समजला जातो.

याच काळात कुटुंब दत्तक कार्यक्रमात तिच्याकडे जवळच्या खेड्यातली काही कुटुंबं आली. रक्तदाब, हिमोग्लोबिन, पाणी कुठून येतं, बाळाचं लसीकरण, असल्या नोंदी प्रत्येक विद्यार्थ्याने ठेवायच्या असतात. तिने आपल्या कुटुंबांची नोंद केलीच, शिवाय सगळ्या बॅचच्या नोंदी एका एक्सेल शीटमध्ये आणून कोणत्या वस्तीत रक्तक्षय जास्त आहे याचे तक्ते काढले. पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यक, विभागातल्या मॅडमनी ते तक्ते वर्गात दाखवले. कॉलेजमधल्या कोणत्या कामात तिचा वेळ कसा गेला ते तिला कळलं नाही, असं विचारल्यावर तिने पुढे हेच काम सांगितलं.

अडचण

दुसऱ्या वर्षी सकाळच्या क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डमधल्या कामाच्या पाळ्या, सुरू झाल्या. तिला रक्ताची भीती नव्हती की अभ्यासाचा ताणही नव्हता. रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून हिस्टरी, म्हणजे आजाराची माहिती, घेताना तिचे हात गार पडायचे. हळूहळू तिने वॉर्डला जाणंच टाळायला सुरुवात केली. मार्च २०२४ पर्यंत प्रात्यक्षिकांची उपस्थिती साठ टक्क्यांवर आली. विद्यापीठाच्या परीक्षेला बसायला थिअरीत ७५ आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थिती लागते. झोप तीन-चार तासांची, वजन सहा किलोने कमी, फोन उचलणं बंद.

एप्रिलमध्ये ती घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मला परत जायचं नाही."

त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक आजार होता, दुसरी नावड. त्या वेळी कुणालाच, तिलासुद्धा, त्या वेगळ्या करता आल्या नसत्या.

पहिला निर्णय: आधी उपचार

घरच्यांची पहिली प्रतिक्रिया दोन टोकांची होती. आईचं म्हणणं, लगेच काढून घेऊ. काकांचं म्हणणं, पोरगी थकली आहे, पंधरा दिवस राहू दे आणि पाठवा. मेंटॉर म्हणून नेमलेल्या शिक्षिकेने मधला रस्ता सुचवला आणि तो बरोबर होता: आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, तेही आपल्या महाविद्यालयात नको, दुसऱ्या शहरात. ज्या विभागात उद्या पोस्टिंग करायची तिथेच केसपेपर काढायला मुलं कचरतात आणि त्या संकोचापायी उपचारच लांबतो.

मध्यम तीव्रतेच्या नैराश्याचं निदान झालं. औषधं आणि समुपदेशन सुरू झालं. डॉक्टरांनी एक अट घातली, तीन महिने कोर्सबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात पाहणीत भाग घेतलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचं नोंदवलं होतं. म्हणजे हा अपवाद नाही. आणि नैराश्यात माणसाला नावडती गोष्टच नव्हे, आवडतीही नकोशी होते. तशा अवस्थेत सोडलेली जागा पुढे पस्तावायला लावू शकते. रात्री-अपरात्री आत्महत्येचे विचार येत असतील तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. तिच्या फोनमध्ये हा क्रमांक आईनेच टाकून ठेवला.

महाविद्यालयाकडे मात्र वैद्यकीय रजेचा अर्ज गेला, राजीनामा नव्हे. हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद. २०२३ च्या पदवी वैद्यकीय शिक्षण नियमावलीनुसार प्रवेशापासून नऊ वर्षांत कोर्स पूर्ण करता येतो. त्यामुळे एक परीक्षा हुकली तर पुढच्या बॅचबरोबर बसता येतं, जागा जात नाही.

ऑगस्टमध्ये झोप सुधारली, वजन परत आलं, ती मैत्रिणींशी बोलू लागली. वॉर्डबद्दलचं मत मात्र बदललं नाही. आता ती ते रडत न सांगता शांतपणे सांगत होती. डॉक्टरांनी तिच्या बाबांना सांगितलं की हे आता आजाराचं बोलणं वाटत नाही. इथून पुढे खरा विचार सुरू झाला.

पर्याय

समोर चार रस्ते होते.

पुढच्या बॅचबरोबर परत जाऊन एमबीबीएस पूर्ण करायचं आणि मग सार्वजनिक आरोग्य किंवा संख्याशास्त्राकडे वळायचं. बाबांचा याच रस्त्याला कल होता आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, त्यात एक बॅच मागे, म्हणजे २०२९. त्यानंतर शासकीय महाविद्यालयाच्या बंधपत्राची एक वर्षाची सेवा धरली तर २०३०. चौथ्या, म्हणजे संख्याशास्त्राच्या, रस्त्यावर जून २०२५ ला प्रथम वर्ष बी.एस्सी., चार वर्षांची ऑनर्स पदवी २०२९ ला आणि तिच्यावर एक वर्षाचं एम.एस्सी., म्हणजे पुन्हा २०३०. दोन्ही रस्ते एकाच साली संपत होते. एकाच्या टोकाला डॉक्टर ही पदवी होती, दुसऱ्याच्या टोकाला नव्हती.

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा घरात खरा पेच पडला. "वर्षं वाया जातील" हा मुलीविरुद्धचा मुद्दा गळून पडला, पण "वर्षं वाचतील" हा तिच्या बाजूचाही मुद्दा गेला. उरला तो एकच प्रश्न: ही पाच-सहा वर्षं तिने रोज कशात घालवायची? एमबीबीएसच्या उरलेल्या काळात मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग आणि मग वर्षभराची इंटर्नशिप. म्हणजे तिला ज्याचा त्रास होत होता तेच, आणि आधीपेक्षा जास्त.

दुसरा रस्ता नीटच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद अशा शाखांचा. तो पटकन बाद झाला, कारण रुग्ण तिथेही असतोच.

तिसरा पाच वर्षांच्या विधी पदवीचा. राज्याच्या सीईटीला बारावीची शाखा आडवी येत नाही, खुल्या गटाला ४५ टक्के पुरतात. हा तिने राखीव ठेवला.

चौथा संख्याशास्त्र. मन तिथेच होतं आणि अडचणही तिथेच. बी.एस्सी. संख्याशास्त्राला बारावीला गणित लागतं. बारावीला गणित नसलेल्यांना एमबीबीएस सोडताना हा दरवाजा सगळ्यात आधी आडवा येतो. अभियांत्रिकीचंही तसंच. शिवाय जेईई मेनला बारावी उत्तीर्ण होण्याचं वर्ष आणि पुढची दोन वर्षं एवढीच मुभा असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात बाहेर पडणाऱ्याची ती मुदत संपलेली किंवा संपत आलेली असते. मित्र-नातेवाईक "मग इंजिनीअरिंग कर" म्हणतात तेव्हा हे कुणाच्या ध्यानात नसतं.

दुसरा निर्णय: गणित मिळवायचं

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, बारावी झालेल्याला एखादाच विषय घेऊन परीक्षा देता येते. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये गणित, विषय क्रमांक ३११, यासाठी नाव नोंदवलं. परीक्षा एप्रिल २०२५ ला. वीस टक्के गुण स्वाध्यायांचे असतात आणि ते परीक्षेच्या कितीतरी आधी जमा करावे लागतात. ती तारीख हुकली तर ते गुण जातात.

नोंदणीच्या आधी तिने एक काम केलं आणि ते अगदी योग्य होतं. ज्या चार महाविद्यालयांत बी.एस्सी. संख्याशास्त्र आहे त्यांना पत्र लिहून विचारलं: बारावी राज्य मंडळाची, गणिताची गुणपत्रिका स्वतंत्र, चालेल का? एकाने स्पष्ट नाही म्हटलं, गणित मूळ गुणपत्रिकेतच हवं. दोघांनी विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे बोट दाखवलं. चौथ्याने "पात्रता विभागाच्या मान्यतेच्या अधीन राहून प्रवेश देऊ" असं लेखी कळवलं. फोनवर विचारलं असतं तर चौघांनीही "चालेल, या" असंच म्हटलं असतं. पुढे कामाला आलं ते हे एक पत्र.

तिसरा निर्णय: बाँड वाचायचा

प्रवेशाच्या दिवशी आई-बाबांनी सह्या केलेले कागद डिसेंबरमध्ये पहिल्यांदा नीट वाचले गेले. तोवर घरात एकच आकडा फिरत होता, दहा लाख. तो आकडा दुसऱ्याच बंधपत्रातला होता. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची, हे सामाजिक सेवेचं बंधपत्र; ती सेवा टाळणाऱ्याला पूर्वी दहा लाख रुपये भरावे लागायचे. जो डॉक्टर होणारच नाही त्याला ते लागू होत नाही.

तिला लागू होतं ते जागा सोडण्याचं हमीपत्र. प्रवेश प्रक्रियेत ठरवलेल्या मुदतीनंतर जागा सोडली तर दंड, अशी त्यातली अट. अट कडक का असते तेही समजून घ्यायला हवं. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात बाहेरून कुणाला थेट घेता येत नाही, त्यामुळे मुदतीनंतर रिकामी झालेली जागा शेवटपर्यंत रिकामीच राहते. दंडाची रक्कम प्रवेशाचं वर्ष, महाविद्यालयाचा प्रकार आणि कोटा यांवर बदलते. म्हणून तिचा आकडा इथे देत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या हमीपत्रातला आणि त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतलाच आकडा धरावा.

मध्येच काकांनी व्हॉट्सअॅपवर एक बातमी पाठवली: बाँड रद्द. बातमी पूर्ण खोटी नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांना पत्र लिहून जागा सोडण्याचा बाँड बंद करावा आणि त्याऐवजी सोडणाऱ्याला एक वर्ष प्रवेशापासून दूर ठेवण्याचा विचार करावा, असं सुचवलं होतं. पण सुचवलं म्हणजे रद्द झालं असं नव्हे. प्रवेशाच्या अटी राज्य ठरवतं, आणि २०२२ मध्ये सही केलेला कागद आयोगाच्या पत्राने आपोआप निकामी होत नाही. महिनाभर घर त्या बातमीच्या भरवशावर निवांत राहिलं. पैशांची जुळवाजुळव तेवढीच उशिरा सुरू झाली.

खासगी महाविद्यालयात हीच गोष्ट आणखी जड जाते. इस्लामिक अकॅडमी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये संस्थांना एका वेळी एका वर्षाचंच शुल्क घ्यायला सांगितलं, पण विद्यार्थी मधूनच सोडून जाईल असं वाटल्यास उरलेल्या वर्षांच्या शुल्कासाठी बंधपत्र किंवा बँक हमी घ्यायला मुभा ठेवली. तिथे सही करताना साडेचार वर्षांचा आकडा समोर ठेवूनच करावी.

वैद्यकीय कारणावरून दंडात सवलत मिळावी असा अर्ज जानेवारी २०२५ मध्ये महाविद्यालयामार्फत वर गेला. सोबत उपचारांची कागदपत्रं होती. उत्तराची वाट बघतानाच पैसे तयार ठेवायचं ठरलं. निम्मी रक्कम बाबांच्या भविष्य निर्वाह निधीतून, निम्मी आईच्या ठेवी मोडून.

राजीनामा आणि कागदांची साखळी

गणिताची परीक्षा बरी गेली. बारावीचा राज्य मंडळाचा निकाल २०२५ मध्ये ५ मे रोजीच लागला आणि पदवी प्रवेशांची गडबड सुरू झाली. एनआयओएसचा निकाल आला जूनमध्ये. तोवर तिच्या पसंतीच्या महाविद्यालयात पहिली गुणवत्ता यादी लागून गेली होती.

इथे एक चूक झाली. निकालाची वाट न बघता मेच्या शेवटी तिने एमबीबीएसचा राजीनामा दिला. विचार असा की कागद मिळायला वेळ लागेल, आधीच लागलेलं बरं. पण त्या तीन आठवड्यांत तिच्या हातात कोणतीच जागा नव्हती. गणितात काही गडबड झाली असती तर उरली असती फक्त विधीची सीईटी, जी तिने सुदैवाने दिली होती. सुरक्षित क्रम उलटा आहे: निकाल, नव्या ठिकाणी तात्पुरता प्रवेश, आणि त्याच आठवड्यात राजीनामा. दोन्हीकडे नाव ठेवून फार दिवस काढताही येत नाहीत. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली असली तरी एमबीबीएसबाबत ती गृहीत धरू नये. नवं महाविद्यालय "इतरत्र प्रवेश नाही" असं लिहून घेतं.

राजीनाम्यानंतरची साखळी अशी चालली. ग्रंथालय, वसतिगृह, मेस, विभाग आणि लेखा शाखा यांचं ना-देय प्रमाणपत्र. मग हमीपत्राची रक्कम. मग महाविद्यालय सोडल्याचा दाखला. मग आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचं प्रमाणपत्र. आणि सगळ्यात शेवटी मूळ कागदपत्रं. एकही कडी अडली की पुढची हलत नाही. सवलतीच्या अर्जावर तोवर निर्णय आला नव्हता, आणि रक्कम भरल्याशिवाय लेखा शाखेची सही होत नव्हती. पंधरा दिवस थांबून त्यांनी रक्कम भरली, पण पावतीवर आणि सोबतच्या पत्रात "सवलत अर्जाच्या निर्णयाच्या अधीन राहून" असं लिहून घेतलं. ही एक ओळ नसती तर तो अर्ज तिथेच निकालात निघाला असता.

दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, अधिवास आणि जातवैधता प्रमाणपत्र हाती यायला राजीनाम्यापासून सात आठवडे लागले. नव्या महाविद्यालयाने साक्षांकित प्रती आणि मूळ कागद कधी देणार याचं हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश दिला. तोही मिळाला कारण तिच्याकडे जुन्या महाविद्यालयाचं "मूळ कागदपत्रं आमच्याकडे जमा आहेत" असं पत्र होतं. हे पत्र राजीनाम्याच्या अर्जासोबतच मागून घ्यावं. नंतर मागायला गेलं की संबंधित लिपिक रजेवर असतो.

शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे जुना कोर्स चालूच दिसत होता, म्हणून नवा अर्ज परत आला. जुन्या महाविद्यालयाने त्यांच्या लॉगिनमधून कोर्स सोडल्याची नोंद केल्यावर तो पुढे सरकला.

बँकेचं काम सगळ्यात सरळ झालं, कारण बाबा राजीनाम्याच्या आधीच शाखेत गेले होते. शैक्षणिक कर्जात कोर्सचा काळ आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो. कोर्स सुटला की ही सवलत संपू शकते. लेखी कळवल्यावर उरलेल्या कर्जाचे हप्ते बांधून मिळाले आणि खातं थकीत झालं नाही.

निष्पत्ती

जुलै २०२५ मध्ये, उरलेल्या जागांच्या फेरीत, लेखी उत्तर देणाऱ्या त्या चौथ्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. पहिल्या पसंतीचं ते नव्हतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे कोणतेही गुण किंवा श्रेयांक इकडे धरले गेले नाहीत. पहिलं सत्र सगळ्यांसारखंच करावं लागलं. पहिल्या सत्रात कलनाने, म्हणजे कॅल्क्युलसने, तिला घाम फोडला. वर्गातल्या बाकीच्यांचं गणित दोन वर्षं सलग झालेलं होतं, तिचं सहा महिन्यांत उरकलेलं. संभाव्यता आणि वर्णनात्मक संख्याशास्त्रात मात्र ती वरच्या काही विद्यार्थ्यांत आली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची औषधं हळूहळू कमी झाली आहेत, तपासणी चालू आहे. सवलतीच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, खर्च न होणारी चाचणी. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांचा अल्पकालीन संशोधन प्रकल्प चालवते. पीएसएम विभागात तसा प्रस्ताव दिला असता तर आकड्यांचं काम रोज केल्यावर कसं वाटतं ते जागा न सोडता समजलं असतं. कदाचित निर्णय हाच राहिला असता, पण बाबांच्या मनातली "मुलगी पळून येते आहे" ही शंका लवकर गेली असती. ती जायला इथे वर्ष लागलं, आणि त्या वर्षात बाप-लेकीचं बोलणं जवळजवळ बंद होतं. हा खर्च कोणत्याही हमीपत्रात लिहिलेला नसतो.

दुसरं, गणित. अकरावीला जीवशास्त्रासोबत गणित ठेवलं असतं तर जून २०२५ ची वाट बघावी लागली नसती, २०२४ लाच प्रवेश घेता आला असता. आज अकरावीत असलेल्या मुलामुलींच्या पालकांनी नीटच्या क्लासवाल्यांचं "गणित सोडून द्या, वेळ वाचेल" हे ऐकताना याचा विचार करावा.

तिसरं, सवलतीचा अर्ज जानेवारीऐवजी सप्टेंबरमध्ये, उपचारांची कागदपत्रं ताजी असतानाच द्यायला हवा होता. चार महिने गेले ते दहा लाखांचा चुकीचा आकडा आणि एक अर्धवट बातमी यांच्यात. प्रवेशाच्या दिवशी सह्या केलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत घरी असती तर तेवढेही गेले नसते. त्यांना ती महाविद्यालयाकडून माहिती अधिकाराचा अर्ज करून मिळवावी लागली.